आपली इस्रायली शाळा
(वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



आज आपल्या सिनगॉगच्या वर्धापनदिनी आम्ही आपणांपुढे एका शाळेविषयी दोन शब्द बोलणार आहोत. ती म्हणजे मुंबईची इस्रायली शाळा. येथे बसलेल्या किती तरी आजी-आजोबांनी माझगावच्या त्या शाळेत धडे गिरवले आहेत.

ती शाळा का निघाली, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. कोकणातून मुंबईस आलेले आपले पूर्वज शब्बाथ पाळीत, शेमा म्हणत. पण हिब्रू वाचणारे फार थोडे होते. त्या काळी मिशनऱ्यांच्या शाळांनी आपल्या मुलांना विद्या दिली. डॉ. जॉन विल्सन यांनी तर १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले. त्यांचे उपकार आपण मानतो. पण आपल्या मुलांनी आपली धर्मभाषा परधर्मीयांच्या बाकावर बसून शिकावी, ही गोष्ट समाजातील विचारी माणसांना खटकत होती.

त्यांपैकी एक होते हाईम सॅम्युएल केहीमकर. १८३० साली अलिबागेस जन्मलेल्या या गृहस्थांनी भाऊ व मित्र यांना हाताशी धरले आणि १८७५ साली शाळा उघडली. समाज नोकरदार व कारागिरांचा. नुसत्या वर्गणीवर शाळा चालणे कठीण. लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनने मदतीचा हात दिला, म्हणून ती तगली. पुढे वर्ग वाढत गेले आणि प्राथमिक शाळेचे हायस्कूल झाले. १९३० नंतरच्या दशकात कदूरी घराण्याच्या देणगीमुळे तिला सर एली कदूरी यांचे नाव मिळाले.

इमारत पैशाने उभी राहते, शाळा मात्र शिक्षकांनी उभी राहते. रेबेका रूबेनबाईंचे नाव घेतल्याशिवाय ही हकीकत पुरी होत नाही. १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिल्या आलेल्या या विदुषीने १९२२ पासून १९५० पर्यंत शाळेची धुरा वाहिली. मुलींनी शिकून काय करायचे, असे विचारणाऱ्यांना त्यांच्याकडे बोट दाखवले की पुरे होई.

१९४८ नंतर आपण थोडेथोडे करून येथे आलो. शाळा मात्र माझगावला उभी आहे. आज तेथील बहुतेक मुले इतर समाजांची आहेत. आम्हांला याचे दुःख नाही. आपल्या वडिलांनी लावलेल्या झाडाची सावली शेजाऱ्यांच्या मुलांना मिळते आहे, यात पुण्यच आहे.

आता आमचे मागणे. केहीमकरांच्या काळी घरात मराठी होती आणि हिब्रू शिकवावी लागत होती. आज आपल्या नातवंडांच्या तोंडी हिब्रू आहे, आणि मराठी शिकवावी लागणार आहे. १८७४ साली पुण्यात हिब्रू-मराठी हगादा छापली गेली. तिची मराठी बाजू आपल्या घरातील किती मुले वाचू शकतील? आजीची जुनी पत्रे, आपली कीर्तने कोण वाचणार?

काहीजण म्हणतात, येथे मराठीने नोकरी मिळत नाही. खरे आहे. पण १८७५ साली हिब्रूने तरी मुंबईत कोणाला नोकरी मिळत होती? तरीही आपल्या वडिलांनी ती शिकवली, कारण तिच्यावाचून मूल आपल्याच घरात परके झाले असते.

म्हणून सिनगॉगच्या हॉलमध्ये दर मंगळवारी संध्याकाळी मराठीचा वर्ग सुरू करण्याचे आम्ही ठरवले आहे. फी नाही. आतापर्यंत बोटांवर मोजण्याइतकीच नावे आली आहेत. ज्यांच्याकडे जुनी बालभारतीची पुस्तके असतील त्यांनी ती द्यावीत; ज्यांना शिकवता येईल त्यांनी एक तास द्यावा; आणि सर्वांनी आपली मुले पाठवावीत. मुले आली नाहीत तर हा वर्ग चार महिन्यांत बंद पडेल, आणि पुन्हा तो उघडायला मराठी जाणणारे कोणी उरणार नाही.