नवी मोटारसायकल आणि तक्रारीचा कागद

(राष्ट्रीय ग्राहक दिनानिमित्त तालुक्यातील सरपंच, ग्रामसेवक व शिक्षक यांच्यासमोर केलेले भाषण)



ग्राहक दिन म्हटला की भेसळ आणि वजनमापे यांवर बोलण्याचा प्रघात आहे. आज मी मोटारसायकलीविषयी बोलणार आहे. या सभागृहाबाहेर ज्या गाड्या उभ्या आहेत, त्यांच्यावाचून उद्या कित्येक वाड्यावस्त्यांवरील शाळा वेळेवर भरणार नाहीत. यांपैकी पुष्कळ गाड्या कर्जाऊ घेतलेल्या आहेत. अशी गाडी पाच-सहा महिन्यांतच वाटेत अडू लागली, म्हणजे हप्ता चालू आणि गाडी बंद, अशी अवस्था होते.

आपल्या जिल्ह्याला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला व आताच्या अहिल्यानगरला, दुचाकीचे कारखाने नवे नाहीत. कायनेटिक इंजिनिअरिंगची लूना १९७२ साली येथूनच रस्त्यावर आली. लूना अडली, की प्लग काढून घासावा, कार्बोरेटर साफ करावा आणि पायडल मारून पुढे निघावे. दुरुस्ती मालकाच्या हातात होती. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे प्रदूषणाचे निकष लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींत बहुतेक ठिकाणी कार्बोरेटरची जागा इंधन फवारणाऱ्या यंत्रणेने घेतली. किती पेट्रोल सोडावे हे आता सेन्सर आणि संगणक ठरवितात. गाडी अधिक स्वच्छ झाली, परंतु तिच्या आजाराची परीक्षा करणे आपल्या आवाक्याबाहेर गेले. म्हणून विक्रेत्याकडे आपण तक्रार कशी मांडतो, याला पूर्वी नव्हते इतके महत्त्व आले आहे.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. माझी नवी गाडी पाचव्या महिन्यात मध्येच बंद पडू लागली. एकदा तर वळणावर ती बंद पडली आणि मागून ऊस भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली येत होती. चालकाने वेळीच ब्रेक लावला म्हणून बरे. मी विक्रेत्याकडे गेलो आणि म्हणालो, “गाडी नीट चालत नाही.” त्यांनी पाच मिनिटे पाहिले, गाडी सुरू झाली, मी परत आलो. दुसऱ्या खेपेस तेच. तिसऱ्या खेपेस त्यांच्या सांगण्यावरून मी पदरमोड करून बॅटरी बदलली. गाडी पुन्हा बंद पडली, तेव्हा मी जाब विचारला. उत्तर मिळाले, “साहेब, आमच्या नोंदीत आपली ही पहिलीच तक्रार आहे.” दुसऱ्यांची वृत्ते लिहिण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याच्याजवळ स्वतःच्या गाडीविषयी एका ओळीचा कागद नव्हता!

त्यानंतर मी खिशात वही ठेवली. गाडी केव्हा बंद पडली, इंजिन गरम होते की थंड, वेग किती, दर्शकावर कोणता दिवा लागला, हँडल कोणत्या बाजूस होते, हे टिपू लागलो. सात नोंदी झाल्या. सातही वेळा वेग कमी होता आणि हँडल पूर्ण डावीकडे वळलेले होते. ती वही वाचून तेथील एका तरुण कारागिराने गाडी स्टँडवर सुरू ठेवली व हँडल डावीकडे फिरविले. गाडी बंद! हँडलच्या मानेजवळ वायरिंग घासून एका तारेवरील आवरण निघाले होते. ते काम वॉरंटीत झाले. बॅटरीचे पैसे मात्र गेले ते गेलेच, कारण पावती मी घेतली नव्हती.

तेव्हा गाडी दाखविताना प्रत्येक वेळी जॉबकार्ड करून घ्यावे. “मिसिंग करते” एवढ्यावर न थांबता वरील तपशील त्यावर आपल्या शब्दांत लिहवून घ्यावा. “दोष आढळला नाही” असा शेरा मिळाला तरी हरकत नाही. तोच शेरा तीनदा मिळाला, म्हणजे तो आपलाच पुरावा होतो. मोफत सर्व्हिसिंग ठरल्या किलोमीटरला करावी. आणखी एक. आपल्याकडे गाडी घरी आली, की दुसऱ्याच दिवशी मोठा हॉर्न व झगमगते दिवे लावून वायरिंग कापण्याची हौस असते. पुढे विद्युत यंत्रणेत दोष निघाला, तर वॉरंटी नाकारण्यास विक्रेत्याला आयतेच कारण मिळते.

एवढे करूनही दाद लागली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी आणि विक्रेता व उत्पादक या दोघांनाही लेखी नोटीस द्यावी. त्यापुढे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. गाडी पुण्यात घेतली म्हणून पुण्याला हेलपाटे घालण्याचे कारण नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीस शुल्क नाही. वकील दिलाच पाहिजे असेही नाही. मुदत दोन वर्षांची आहे. गाडीवरून दूध घालून स्वतःचे पोट भरणारा शेतकरीही ग्राहकच होय. दोष दूर करणे, वस्तू बदलून देणे, किंमत परत करणे आणि नुकसानभरपाई, असे आदेश आयोग देऊ शकतो.

मात्र भाबडेपणाने जाऊ नये. निर्मितीतच दोष होता, हे दाखविण्याची जबाबदारी तक्रारदारावर येते. त्यासाठी तज्ज्ञाचा अहवाल लागतो आणि तारखाही लांबतात. एका बिघाडावरून सहसा नवी गाडी मिळत नाही. तोच दोष वारंवार आला आणि दुरुस्त झाला नाही, हे कागदावरून दिसले, तर बाजू उभी राहते.

शिक्षक बंधूंना एक विनंती आहे. गावात ज्यांना अर्ज लिहिता येत नाही, त्यांना तो लिहून द्यावा. नमुन्यादाखल माझ्या वहीची पाने आणि चौथ्या खेपेचे जॉबकार्ड मी सोबत आणले आहे. सभा संपल्यावर ते टेबलावर ठेवीन. ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी पाहून घ्यावे.