खिडकीची काच आणि पाखरे
(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसंमेलनात दिलेले भाषण)



पूर्वी आपल्या शाळांच्या खिडक्यांना लाकडी झडपा व लोखंडी गज असत. आता अनेक नव्या इमारतींना काचेच्या मोठ्या खिडक्या असतात. वर्गात उजेड आला, हे चांगलेच झाले. परंतु त्याच काचेवर आपटून एखादे पाखरू व्हरांड्यात मरून पडते आणि मुले विचारतात, “गुरुजी, त्याला काच दिसली नाही का?” या प्रश्नाचे उत्तर आपणांजवळ असले पाहिजे.

पाखराची दृष्टी अधू नसते. परंतु काच हा पदार्थ त्याच्या ओळखीचा नाही. आपण चौकट पाहून काच आहे हे अनुभवाने ताडतो. पाखराला ती खूण कळत नाही. काचेत उमटलेले झाड व आकाश त्याला खरे वाटते. दोन खिडक्या समोरासमोर असल्या, तर आरपार वाट आहे असे समजून ते वेगाने झेपावते. अमेरिकेतील संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार त्या एका देशात इमारतींवर आपटून दरवर्षी ३६ कोटी ५० लाख ते ९८ कोटी ८० लाख पक्षी मरतात.

आपल्याकडे येणारा नवरंग पावसाळ्याच्या तोंडी दक्षिणेकडून विणीसाठी येतो. तो रात्री प्रवास करतो. दिव्यांनी गोंधळलेले, थकलेले नवरंग घरांत शिरतात. म्हणून शाळेतील अनावश्यक दिवे रात्री मालवावेत.

काचेवर एकच ससाण्याचे चित्र चिकटवून भागत नाही. पाखरू त्याला चुकवून शेजारच्या मोकळ्या भागावर आदळते. काचेच्या बाहेरील अंगास पांढऱ्या तैलरंगाचे ठिपके द्यावेत. दोन ठिपक्यांत २ इंचांहून अधिक अंतर नसावे आणि सर्व काच व्यापली जावी. अथवा काचेपासून काही इंच पुढे जाळी ताणून बसवावी. आतून पडदा लावल्याने आरपार दिसणे थांबते, प्रतिबिंब मात्र राहतेच. पाण्याचे भांडे खिडकीपासून ३ फुटांच्या आत ठेवावे. इतक्या जवळून उडालेल्या पाखरास फारसा वेग आलेला नसतो.

एखादा बुलबुल वा दयाळ विणीच्या काळात काचेवर वारंवार चोची मारतो, तो प्रकार निराळा. प्रतिबिंबास तो प्रतिस्पर्धी समजतो. तेथे बाहेरून काही दिवस कागद लावावा.

जखमी पाखरू सापडल्यास भोके पाडलेल्या खोक्यात, मऊ कापडावर, शांत व अंधाऱ्या जागी ठेवावे. चोचीत पाणी घालू नये. मुलांची गर्दी होऊ देऊ नये. तासा-दोन तासांनी काचेपासून दूर नेऊन खोके उघडावे. उडाले नाही तर वनविभागास कळवावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमामुळे रानपाखरू पाळण्याची मुभा नाही, हेही मुलांना समजावून सांगावे.

शेवटी एक सूचना. प्रत्येक शाळेने एक वही ठेवावी. तारीख, खिडकी आणि पक्षी एवढीच नोंद मुलांनी करावी. जी खिडकी वहीत वारंवार येईल, तिच्यासाठी मुलांनी पट्टीने माप घेऊन ठिपक्यांच्या जागा ठरवाव्यात आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली त्या रंगवाव्यात. मापन, निरीक्षण आणि भूतदया हे तिन्ही पाठ त्या एका काचेवर होतील, आणि पुढच्या पाखराचा जीव वाचेल.