टीव्हीखालचा संगणक



टीव्ही मोठा झाला की त्याच्याखाली काय ठेवायचं याची घरात चर्चा सुरू होते. पूर्वी तिथे व्हीसीआर असायचा. मग डीव्हीडी प्लेअर आला, मग केबलवाल्याचा डबा. आता कुणी मागे बोटभर स्टिक लावतं, कुणी काहीच लावत नाही, कारण टीव्हीच स्मार्ट असतो. आणि प्रत्येक मोठ्या कुटुंबात एक तरुण असा असतो, जो म्हणतो, "हे सगळं काढून टाका. मी तुम्हाला एक संगणक जुळवून देतो. सिनेमा, गाणी, फोटो, सगळं त्यातच." आमच्याकडे हा तरुण म्हणजे माझा भाचा. त्याने सुट्या भागांची यादी केली, खाली बेरीज मारली आणि कागद माझ्या हातात दिला. मी कला शाखेचा पदवीधर. यादीतले निम्मे शब्द त्याच्याकडूनच समजून घेतले. पण एखादी वस्तू घरात आणावी की नको, हे ठरवायला इंजिनिअर कशाला व्हायला हवं? चार प्रश्न विचारायची तयारी असली की पुरतं. त्या प्रश्नांची काय उत्तरं मिळाली, ते आज सांगतो.

या यंत्राला 'होम थिएटर पीसी' म्हणतात. टीव्हीला कायमचा जोडलेला आणि टेबल-खुर्चीऐवजी सोफ्यावर बसून रिमोटने चालवायचा संगणक. त्याचा बहर २००० नंतरच्या दशकातला. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीची 'मीडिया सेंटर' नावाची आवृत्ती काढली. दहा फुटांवरून वाचता येतील अशी मोठी अक्षरं, मोठी चित्रं. त्याच सुमारास काही हौशी प्रोग्रामर मंडळींनी एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रावर सिनेमे चालवण्यासाठी एक प्रोग्राम लिहायला घेतला. तो वाढत वाढत एक्सबीएमसी झाला आणि २०१४ मध्ये त्याचं 'कोडी' असं नवं बारसं झालं. कोडी आजही फुकट मिळतो आणि चांगला चालतो.

त्या काळात आपल्याकडे या यंत्राला एक भक्कम कारण होतं. केबलची वायर खिडकीतून घरात यायची आणि ती सरळ संगणकातल्या टीव्ही ट्यूनर कार्डाला लावता यायची. हवा तो कार्यक्रम रेकॉर्ड करा, जाहिराती कापा, सीडीवर उतरवून मित्राला द्या. माझ्या ओळखीतले एक शिक्षक रात्रीच्या शास्त्रीय संगीताच्या मैफली असेच साठवायचे. मग २०१२ पासून आधी महानगरांत आणि पुढे टप्प्याटप्प्याने लहान गावांत केबल डिजिटल झाली. वाहिन्या कुलूपबंद होऊन येऊ लागल्या आणि किल्ली राहिली केबलवाल्याच्या डब्यात. संगणकातलं कार्ड त्या वायरीपुढे आंधळं झालं. २०१५ मध्ये विंडोज १० आलं, तेव्हा मायक्रोसॉफ्टने त्यातून मीडिया सेंटरही वगळून टाकलं. ज्या कामासाठी लोक हे यंत्र जुळवत होते, ते कामच असं हातातून गेलं.

मग आता त्यावर बघायचं काय? भाच्याचं उत्तर तयार होतं : वर्गणी भरून मिळणाऱ्या सेवा. इथे मला एक गंमत कळली. या सेवा चित्र पाठवतात ते सांकेतिक करून. ते उलगडायची किल्ली यंत्रातल्या एखाद्या सुरक्षित कोपऱ्यात, म्हणजे खास त्यासाठीच राखलेल्या चिपच्या भागात असेल, तर पूर्ण दर्जाचं चित्र मिळतं. स्टिकमध्ये आणि स्मार्ट टीव्हीत ही व्यवस्था बहुधा कारखान्यातूनच येते. संगणकाच्या ब्राउझरमध्ये मात्र ती किल्ली पुष्कळदा नुसत्या सॉफ्टवेअरच्या भरवशावर असते. तिथून ती कुणी पळवील या भीतीने कित्येक सेवा ब्राउझरला कमी बारकाव्याचं चित्र देतात, आणि लिनक्स असेल तर हात आणखीच आखडता घेतात. म्हणजे हजारो रुपयांचा संगणक आणि त्याच्यापुढे ती बोटभर स्टिक, आणि चित्र स्टिकचं चांगलं!

तबकड्यांचंही तेच. फोर-के ब्लू-रेची तबकडी संगणकावर अधिकृतपणे लावायची तर इंटेलच्या प्रोसेसरमध्ये एसजीएक्स नावाची एक सोय लागायची. २०२१ पासूनच्या त्यांच्या नव्या डेस्कटॉप प्रोसेसरांतून ती सोय काढून टाकली. जुन्या यंत्राला जमत होतं ते नव्याला जमत नाही. आमच्या मिरजेत जुन्या सताराबद्दल असं बोलतात, पण त्याला लाकूड मुरलेलं असतं हे कारण तरी असतं.

विजेचा हिशेब मी स्वतः केला. साधा टेबलावरचा संगणक नुसता चालू असला तरी पन्नास-साठ वॅट खाऊ शकतो. साठ धरले आणि तो दिवसरात्र चालू ठेवला, तर महिन्याला ४३ युनिट होतात. रोज चारच तास चालवला तर सातेक युनिट. आजकाल तळहाताएवढे छोटे संगणक मिळतात. इंटेलचा एन-१०० हा २०२३ मधला प्रोसेसर घातलेला असा डबा दहा-पंधरा वॅटमध्ये सिनेमा दाखवतो. तीन वॅटची स्टिक महिनाभर अखंड चालली तरी दोन-सव्वादोन युनिट. तुमच्या बिलावरचा दर घ्या आणि गुणाकार करा. वर्षाच्या आकड्याकडे बघून थोडं थांबा.

आणि आवाज. मोठ्या संगणकात दोन-तीन पंखे असतात. मारामारीच्या सिनेमात ते ऐकू येत नाहीत. पण विलंबित ख्यालाचा आलाप चालू आहे, गायक एका स्वरावर थांबला आहे, मागे तंबोरा, आणि त्या शांततेत संगणकाचा पंखा आपला वेगळाच षड्ज लावून बसलाय. कानाला सवय असलेल्या माणसाला हे सहन होत नाही.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, मग निकाल लागलाच की. ज्या घरात फक्त वर्गणीच्या सेवा बघायच्या आहेत, तिथे खरोखर लागला. स्टिक घ्या, नाहीतर टीव्हीत आहे तेच वापरा. हौसेला मोल नसतं हे मला मान्य आहे. कुणाला स्क्रू पिळण्यातच आनंद असेल तर जरूर जुळवावा, पण मग त्याला हौस म्हणावं, बचत म्हणू नये. आणखी एक वर्ग आहे, इंटरनेटवरून चोरीचे सिनेमे उतरवून घेण्यासाठी हे यंत्र हवं असणाऱ्यांचा. माझ्या कवितासंग्रहाच्या झेरॉक्स वाटणारे दोघे मला ठाऊक आहेत. त्यांच्यावर मी रागावत नाही, कारण तेवढेच माझे वाचक आहेत. पण सिनेमावाल्यांच्या वतीने असं औदार्य मी दाखवू शकत नाही.

माझा प्रश्न वेगळा होता. वर्गणी म्हणजे भाडं. भाड्याच्या घरातला माळा कधी रिकामा करायला लागेल, ते मालकाच्या हातात. एचबीओच्या मालिका भारतात हॉटस्टारवर दिसत होत्या, त्या ३१ मार्च २०२३ ला तिथून गेल्या. पुढे त्या जिओसिनेमावर आल्या, आणि २०२५ मध्ये ते दोन्ही मंच मिळून एकच झाले. प्रेक्षकाने नुसतं मागे मागे फिरायचं. पण ज्या गोष्टी कुठल्याच सेवेवर नाहीत, कधी येणारही नाहीत, त्यांचं काय?

आमच्या कपाटात व्हीएचएसच्या ३८ टेप आहेत. एक मित्र नव्वदच्या दशकात लग्नांचं शूटिंग करायचा. लग्नसराई संपली की कॅमेरा घेऊन आमच्याबरोबर यायचा. कविसंमेलनं, मुशायरे, मीरासाहेबांच्या दर्ग्यातल्या उरुसाची संगीतसभा, असं बरंच त्याने टिपलं. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ तिथे होणाऱ्या त्या सभेत आपली सेवा रुजू करायला लांबलांबून कलावंत येतात. माझे अब्बा तंतुवाद्यांच्या दुकानात कारागीर होते. तंबोऱ्याची जवारी लावताना ते घोडीवर कानस चालवतात, तार छेडतात, मान कलती करून ऐकतात, पुन्हा कानस घेतात, असं वीसेक मिनिटांचं चित्रण त्या टेपांत आहे. अब्बा २००१ मध्ये गेले. त्यांचे हात हलताना दिसतील अशी जगात तेवढीच एक जागा आहे.

या टेपा संगणकाशिवाय वाचत नाहीत. व्हीसीआर बनवणारी जपानची फुनाई ही शेवटची कंपनी, तिनेही जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. आपल्याजवळ आहे ते यंत्र चालतंय तोवरच हे काम होऊ शकतं. व्हीसीआरमधून निघालेलं चित्र एका लहानशा कॅप्चर उपकरणातून संगणकात घ्यायचं. तीन तासांची टेप उतरवायला तीनच तास लागतात, त्याला जवळचा रस्ता नाही. सेकंदाला सहा मेगाबिटच्या दराने साठवलं तर तासाला २.७ जीबी होतात. म्हणजे ३८ टेपांचे, सगळ्या भरलेल्या धरल्या तरी, ३०८ जीबी. एक टेराबाइटच्या डिस्कमध्ये आमचं सगळं सांस्कृतिक जीवन मावून वर जागा उरते. ऐकून जरा वाईटच वाटलं.

उतरवलेलं पेन ड्राइव्हवर घालून टीव्हीला लावलं की झालं, असं वाटतं. आम्ही लावून पाहिलं. त्या जुन्या चित्रात एक खोच असते. सेकंदाला २५ चित्रं, पण प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत काढलेलं. आधी एकाआड एक रेषा, मग एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर उरलेल्या रेषा. जुन्या काचेच्या टीव्हीत ते तसंच रंगवलं जायचं, म्हणून डोळ्याला कळत नव्हतं. नवा सपाट पडदा दोन्ही हप्ते एकदम दाखवतो, आणि जे हलतं त्याच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. स्थिर बसलेला श्रोता स्वच्छ, आणि सतारियाची बोटं कंगव्यात अडकलेली! शिवाय फाइलींना मी देवनागरी नावं दिली होती. टीव्हीने त्यांच्या जागी चौकोन मांडून ठेवले. ध्वनीचा एखादा प्रकार टीव्हीला ठाऊक नसला तर चित्र येतं, आवाज येत नाही. कोडीसारखा प्रोग्राम चालवणाऱ्या संगणकाला या अडचणी कमी येतात. तो ते दोन हप्ते नीट सोडवून सेकंदाला पन्नास पूर्ण चित्रं करतो. बोटं सुटी झाली. 'मिरज, उरूस' हे देवनागरीत उमटलं.

तर संगणक हवा, एवढं ठरलं. तो टीव्हीखालीच हवा का? इथे आमच्या अम्मीने एकच प्रश्न विचारला. तिचं वय ८३. ती म्हणाली, "रोज कौन लगाको देंगा रे?" माझ्या मते अख्ख्या चर्चेतला सगळ्यात अचूक प्रश्न हाच. माउस आणि कीबोर्ड सोफ्यावर घेऊन बसणं तिला जमणार नाही, आणि मी बाहेरगावी असताना भाच्याला फोन करून 'अपडेट' मागतंय म्हणून विचारणंही नाही. टीव्हीच्याच रिमोटने सगळं चालायला हवं. त्यासाठी एचडीएमआयच्या वायरीतून रिमोटच्या खुणा पुढे जाण्याची सीईसी नावाची सोय असते. स्टिकमध्ये ती असते. नेहमीच्या संगणकात मात्र ती सहसा नसते, वेगळा अडॅप्टर घ्यावा लागतो. रास्पबेरी पाय नावाच्या पत्त्याच्या कॅटएवढ्या संगणकात ती आहे.

म्हणून आम्ही मधला मार्ग काढला. घरात एक जुना संगणक धूळ खात होता. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि विंडोज ११ च्या अटींत तो बसत नव्हता. असे चांगले चालणारे संगणक आज कितीतरी घरांत पडून असतील. भाच्याने त्यात लिनक्स घातलं आणि तो आतल्या खोलीत, यूपीएसवर ठेवला. टेपा उतरवायच्या त्यातच, साठवायच्याही त्यातच, कॅप्चर नसेल तेव्हा बंद करायचा. त्याच्या पंख्याने तिथे हवं तेवढं गावं. टीव्हीखाली एक रास्पबेरी पाय, त्यावर कोडी, आणि शेजारी आधीची स्टिक आहे तशीच. नवीन खर्च यादीच्या बेरजेच्या चौथ्या हिश्श्यात आला. भाचा थोडा हिरमुसला, पण टीव्हीचं लाल बटण दाबून अम्मीने स्वतः पहिली फाइल लावली, तेव्हा श्रेय घ्यायला तोच पुढे होता. डिस्कच्या दोन प्रती केल्या आहेत, एक घरी आणि एक कोल्हापूरला आपाकडे. एकाच डिस्कवर सगळं ठेवणं म्हणजे टेप बरी होती म्हणायची पाळी.

आतापर्यंत २२ टेपा झाल्या. १३ बाकी आहेत. उरलेल्या तिनांच्या रिळांवर पांढरी बुरशी धरली आहे आणि त्या मी बाजूला काढून ठेवल्या आहेत. बुरशीची टेप व्हीसीआरमध्ये घातली तर ती हेडला लागते आणि मागून येणाऱ्या चांगल्या टेपेलाही जाते, तेव्हा तुमच्याकडे अशी असेल तर मोह आवरा. आमच्या तिनांपैकी एक अब्बांची आहे. रीळ उघडून, हाताने साफ करून देणारा जाणकार कारागीर मी शोधतो आहे. तुमच्यापैकी कुणाला असा माणूस ठाऊक असेल, तर केंद्राच्या पत्त्यावर मला जरूर कळवा.