तरुणांसाठी पूर्णवेळ माणूस

आपल्या वाशीम जिल्ह्यात पहाटे पाचला रिसोड रस्त्याने निघालात, तर भरतीची तयारी करणारी पोरं पळताना दिसतील. १६०० मीटरची वेळ मोजायला एकाच्या हातात मोबाइल असतो. या मुलांना पळ म्हणून सांगावं लागत नाही. खरी अडचण नंतरची. खुल्या प्रवर्गातल्या मुलाची पोलीस शिपाई होण्याची वयोमर्यादा २८ वर्षांची. ती ओलांडली, की घरचे अबोल होतात आणि पारावरचे ‘काय झालं रे भरतीचं?’ एवढंच विचारतात. त्या दिवसांत त्याच्याजवळ बसायचं कोणी? हेच युवाकार्य, आणि ते पगारी, प्रशिक्षित माणसाचं काम आहे, असं माझं ठाम मत आहे.

आपल्याकडे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. १९६९ मध्ये राष्ट्रीय सेवा योजना आली, १९७२ मध्ये नेहरू युवा केंद्रं. दोन्हींनी खेड्यापाड्यांतल्या मुलांना घराबाहेर काढलं. पण सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी म्हणजे तास, पेपर, परीक्षा सांभाळून हा भार उचलणारा प्राध्यापक. केंद्राचा स्वयंसेवक मानधनावरचा, फार तर दोन वर्षांचा. घराघरांतली माणसं ओळखीची होतात न होतात, तोच त्याची मुदत संपते.

त्याआधी राष्ट्र सेवा दलाच्या, गुरुदेव सेवा मंडळाच्या कार्यकर्त्यांनी हे काम जन्मभर केलं. कित्येकांचे संसार बायकोच्या कष्टांवर चालले. त्यांच्यापुढे मी हात जोडतो. तरीही आजच्या मुलामुलींकडून तोच त्याग मागणं मला अन्यायाचं वाटतं.

कारण या कामाला कसब लागतं. इथे हजेरी नाही, गुण नाहीत. मुलगा आपणहून आला तरच काम सुरू होतं. त्याचा निर्णय त्याचा त्यालाच घेऊ द्यायचा, हे शिक्षकाला आणि बापाला सगळ्यात जड जातं. मुलीला बारावीनंतर शिकायचं असेल, तर तिच्या वडिलांशी ओसरीवर चार वेळा बसावं लागतं, तेही तिला विचारून. मुलाने विश्वासाने सांगितलेलं गावात फुटता कामा नये. मात्र जीव नकोसा झाल्याचं बोलला, तर त्याला एकटं सोडायचं नाही, १४४१६ या टेलिमानस मदतवाहिनीच्या क्रमांकावर लगेच बोलणं करून द्यायचं, दवाखान्यात सोबत जायचं. आत्महत्यांनी पोळलेल्या आपल्या पट्ट्यात हे अंदाजाने करून चालत नाही, शिकावं लागतं. ब्रिटनमध्ये युवाकार्याची पदवी आहे; आपल्या देशातही श्रीपेरुंबुदूरला १९९३ पासून युवक विकासाची राष्ट्रीय संस्था आहे.

२०१८ मध्ये वाशीम केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमाच्या यादीत गेला. त्या कार्यक्रमात कौशल्य प्रशिक्षण आहे, पण प्रमाणपत्र घेऊन घरी बसलेल्या मुलाची विचारपूस करणारं पद नाही. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा असे आपले सहा तालुके. प्रत्येकी एक पूर्णवेळ युवाकार्यकर्ता मागू या. येत्या ग्रामसभेत तसा ठराव घ्या आणि तो जिल्हा नियोजन समितीकडे पाठवा.