पहिला रिपोर्ट तिचाच का?

(युवा शिबिरातील भाषण)



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. आमच्या धंद्यात सगळ्यात वाईट बिघाड कोणता, तर एरर न दाखवता आतला डेटा नासवणारा. लैंगिक संबंधांतून पसरणारे बरेच आजार असेच असतात. क्लॅमिडियात अनेकांना काहीच त्रास जाणवत नाही, पण उपचार झाले नाहीत तर स्त्रीच्या गर्भनलिका खराब होऊ शकतात. सिफिलिसचा व्रण आपोआप भरतो आणि माणसाला वाटतं, सुटलो. आजार मात्र अंगातच राहतो.

आपल्या घरांत ही तपासणी बहुधा कधी होते? सून गरोदर राहिली की. सरकारी दवाखान्यात तिचं रक्त एचआयव्ही आणि सिफिलिससाठी तपासतात. ते योग्यच आहे, वेळेवर औषध मिळालं तर बाळाची लागण टाळता येते. पण पहिला रिपोर्ट तिचा येतो, म्हणून आजारही तिनेच आणला असं घर ठरवून टाकतं. माझ्या नात्यातल्या एका मुलीला अशीच माहेरी धाडली. तिचा नवरा रक्त द्यायला तयार व्हायला चार महिने लागले. तोवर मोहल्ल्याने फैसला केला होता.

म्हणून हे मुख्यतः मुलांना सांगतोय. निकाहच्या बोलणीत मेहेर ठरते, हॉल ठरतो, बिर्याणीवरून तर भांडणं होतात. मुलीचं थायरॉईडसुद्धा विचारतात! तिथे तुम्ही म्हणा, ‘माझी तपासणी झालीय, हा रिपोर्ट. तुम्हालाही करायची असेल तर करू.’ आधी स्वतःची, आणि तिच्यावर सक्ती नाही.

कुणी विचारेल, हे सांगून तुम्ही जिनाला मोकळीक देता का? त्या मुलीने काय केलं होतं, एवढंच मी उलट विचारतो. शिवाय एचआयव्ही आणि कावीळ ‘ब’ रक्तातून, दूषित सुईतूनही होतात. कावीळ ‘ब’ची तर लसच आहे.

‘कुणी पाहिलं तर?’ ही भीती खरी आहे. सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसी केंद्रात एचआयव्हीची चाचणी मोफत होते, आधी आणि नंतर समुपदेशक बोलतो. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तुमच्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, रिपोर्ट इतरांना सांगता येत नाही. गावात संकोच वाटला तर दुसऱ्या तालुक्यात जा. बाकीच्या गुप्तरोगांसाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. एचआयव्ही निगेटिव्ह म्हणजे सगळंच निगेटिव्ह, असं धरू नका. लागण नुकतीच झाली असेल तर चाचणीत ती दिसत नाही, म्हणून समुपदेशकाने पुन्हा बोलावलं तर जायचं.

आणि पॉझिटिव्ह आलं तर? सिफिलिस पेनिसिलिनने बरा होतो. एचआयव्हीची औषधं सरकार २००४ पासून मोफत देतं. ती नियमित घेऊन रक्तातला विषाणू चाचणीत न सापडण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर संबंधांतून जोडीदाराला लागण होत नाही. लग्न होतं, निरोगी मुलंही होतात.

केसपेपरच्या खिडकीवर तोंड उघडायची लाज वाटत असेल, तर आधी १०९७ ला फोन लावा. नंबर टोल-फ्री आहे. जवळचं केंद्र कुठे आहे, ते तिथे विचारता येतं.