पडद्यावरची मोटर



“तू कॉलेजात नेमकं शिकवतो काय?” हा प्रश्न सकाळपासून चौघांनी विचारला. इलेक्ट्रिकल मशीन्स शिकवतो, आणि अलीकडे त्यातलं थोडं पडद्यावर शिकवतो.

शाळेत प्रयोग सर करायचे, आपण बाकावर चढून बघायचो. साहित्य एक, पोरं साठ. सरांचा इलाज नव्हता. इंजिनिअरिंगलाही फार वेगळं नाही. एका मोटरभोवती सहा-सात जण. एक जण नॉब फिरवतो, एक रीडिंग घेतो, बाकीचे उतरवून घेतात. मुली बहुधा या बाकीच्यांत असतात, हे मला जास्त खटकतं.

२००९ साली सुरू झालेल्या केंद्राच्या शैक्षणिक मिशनमधून ‘व्हर्च्युअल लॅब्ज’ तयार झाल्या. आयआयटी दिल्लीच्या समन्वयाखाली बारा संस्थांनी त्या उभ्या केल्या. पुण्याचं सीओईपी त्यात आहे. प्रयोग ब्राउझरमध्ये चालतात, पैसे लागत नाहीत. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दर्यापूर, मूर्तिजापूरकडची पोरं गच्चीवर रेंज शोधून मोबाइलवर प्रयोग करत होती. ज्या मुलीनं वर्षभर नुसतं उतरवून घेतलं, तिनं तोच प्रयोग घरी पाच वेळा केला. हे मला फार मोलाचं वाटतं.

पण इंडक्शन मोटरची लोड टेस्ट घ्या. खऱ्या लॅबमध्ये ड्रमवरचा पट्टा आवळला की ड्रम तापतो, त्यात पाणी ओतावं लागतं, मोटरचा आवाज बदलतो. पडद्यावर फक्त आकडा बदलतो. सगळ्यांची रीडिंग सारखी, आलेख एकदम गुळगुळीत. एक पोरगा म्हणाला, “सर, याच्यात मोटर जळतच नाही ना!” त्याच्या वडिलांचा संत्र्याचा बगीचा वरुडकडे. उन्हाळ्यात व्होल्टेज पडलं की तेवढाच भार ओढायला मोटर जास्त करंट घेते, वाइंडिंग तापतं आणि वॉर्निशचा वास येतो. तो वास त्याला सिलॅबसच्या आधीच माहीत होता.

म्हणून मी आधी पडद्यावर करायला लावतो, मग हातानं. उलटा क्रम मला पटत नाही. आणि हाताचं काम कोणी वगळायला निघालं, तर मी भांडतो. उपकरणं घेण्यापेक्षा पडदा स्वस्त पडतो, हे हिशेब करणाऱ्यांच्या लवकर लक्षात येतं.

आता कामाचं बोलतो. आपल्यापैकी दोघांची अकोल्यात रिवाइंडिंगची दुकानं आहेत. बाबांनो, जळालेल्या मोटरी भंगारात घालण्याआधी मला फोन करा. न्यायला गाडी मी पाठवतो.