उपचारातील हयगय सिद्ध करताना



सूरजागडसारख्या भागातील माणसाचा मुख्य भरवसा सरकारी दवाखान्यावर. तेथे हयगय झाली तर दाद कोणाकडे मागावी, याचे उत्तर तेव्हाच्या औरंगाबादेतील एका दाव्यात सापडते.

जुलै १९६३ मध्ये तेथील शासकीय रुग्णालयात एक स्त्री बाळंत झाली; पाठोपाठ कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रियाही झाली. ताप चढला, वेदना थांबेनात. पोट पुन्हा उघडले तेव्हा आत टॉवेल राहिलेला आढळला. ती वाचली नाही. उच्च न्यायालयाने शासनाला जबाबदार धरले नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली, म्हणजे तब्बल ३३ वर्षांनी, तो निर्णय फिरविला: रुग्णालय चालविणे हे कल्याणकारी कार्य आहे, सेवकांच्या हयगयीची भरपाई शासनाने दिली पाहिजे.

रुग्णाला उपचारासाठी स्वीकारताच कर्तव्य जन्मास येते. उपचार मोफत असले तरी ते उणावत नाही. काळजीचे माप मात्र सर्वसाधारण कुशल डॉक्टरचे. रोगी दगावला एवढ्यावरून हयगय ठरत नाही, हे संतापाच्या भरात आपण विसरतो. टॉवेल नेमका कोणाच्या हातून राहिला, हे वादीला सिद्ध करावे लागले नाही. तो टॉवेलच बोलला. एरवी पुरावा बोलतो तो केसपेपरातून आणि दुसऱ्या जाणत्या डॉक्टरच्या साक्षीतून. म्हणून दवाखान्यात पोहोचल्याची वेळ, पुढे पाठविल्याची चिठ्ठी जपून ठेवावी. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार मागणीनंतर ७२ तासांत कागदपत्रे मिळावयास हवीत. माडिया बोलणाऱ्या आयाबहिणींसाठी तो अर्ज कोणी लिहावा? मला वाटते, गावच्या गुरुजींनी.